'पॉवर' नावातच!

पेट्रोलच्या महाग प्रकारांना आपल्याकडे 'पॉवर', 'स्पीड' अशी नावे दिलेली आढळतात. विक्रीसाठी ती उत्तम असली, तरी विज्ञानाच्या दृष्टीने दिशाभूल करणारी आहेत. अशा काही पेट्रोलचा ऑक्टेन अंक जास्त असतो. पण हा अंक इंधनातील ऊर्जा मोजत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेले, तापलेले मिश्रण आपोआप भडकले की इंजिन ठोके देते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. त्यासाठी आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० अंक मानले आहेत.

मिश्रण अधिक दाबणाऱ्या किंवा टर्बोचार्जर असलेल्या काही इंजिनांना ही क्षमता खरोखर लागते. इतरांचे काय? साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटारींना प्रीमियम पेट्रोलने कोणताच लाभ होत नाही, असे अमेरिकेतील 'एएए' या मोटारचालक संघटनेला २०१६ च्या चाचण्यांत आढळले. तेथील चालकांनी वर्षभरात त्यावर २.१ अब्ज डॉलर वाया घालवल्याचा तिचा अंदाज होता.

तेव्हा पंपावरच्या नावापेक्षा वाहनाच्या पुस्तिकेतला अंक पाहावा. ऑक्टेन अंक शिकवताना वर्गात ही नावे जरूर तपासायला द्यावीत.