किल्लारीचा भूकंप आणि ग्रामस्मृतीची साधने

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाचे वर्णन बहुधा आकड्यांतच केले जाते: सुमारे दहा हजार मृत, ५२ गावांचे स्थलांतर. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु त्यांवरच विसंबणारे लेखन त्या गावांचा इतिहास भूकंपापासून सुरू करते, हा त्याचा मोठा दोष होय.

वि. का. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहाससंशोधनाने प्रामुख्याने कागदपत्रांवर भर दिला. किल्लारी-सास्तूरच्या परिसरातील बरीचशी स्मृती मात्र कागदावर नव्हतीच. वेस, पार, आड आणि गल्ली यांच्या आधाराने ती नांदत होती. दगडमातीच्या भिंती व माळवदे कोसळली, तेव्हा हा आधारच नाहीसा झाला. नव्या वसाहतींत २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे जमीनधारणेनुसार दिली गेली. त्यामुळे जुना शेजारही पुष्कळ ठिकाणी विस्कटला.

म्हणून वृद्धांच्या सांगण्यावरून जुन्या गावठाणाचा घरवार नकाशा तयार करणे, हे येथील संशोधकाचे पहिले कर्तव्य ठरते. मात्र वाड्यातील आठवण म्हणजे साऱ्या गावाची आठवण नव्हे. वेशीबाहेर कोण राहत होते, कोणत्या आडावर कोणाला मज्जाव होता, हेही त्यात नोंदले गेले पाहिजे. अन्यथा पडलेले गाव कागदावर उभे राहील, पण अर्धेच. १९९३ मध्ये पन्नाशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. दप्तरांचा शोध लांबणीवर टाकता येतो. या साक्षींचा येत नाही.