ताकायासू धमनीदाहातील रक्तचिन्हके : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाधमनी व तिच्या प्रमुख शाखांच्या भित्तींना दाह होऊन त्या अरुंद होत जाणे, हे ताकायासू धमनीदाहाचे स्वरूप होय. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 मध्ये या रोगातील नेत्रलक्षणांची नोंद केली. हा विकार विरळ असून प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. दाह चालू आहे की शमला आहे, यावर स्टेरॉइडची मात्रा ठरते. हा निर्णय रक्तातील रेणूंवरून घेता येईल काय, या संशोधनाची चिकित्सा शहापूर व मुरबाड तालुक्यांतील स्त्री-रुग्ण समोर ठेवून करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

ईएसआर व सीआरपी या सर्वांत परिचित चाचण्या होत. तथापि रक्तक्षयात ईएसआर वाढतो आणि क्षयरोगात दोन्ही वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा समाजात वाढलेला ईएसआर धमनीविषयी बोलतो की आहाराविषयी, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 60 रुग्णांवरील, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोग शांत मानलेल्या रुग्णांच्या धमन्यांच्या 44 टक्के नमुन्यांत दाह सक्रिय आढळला. शिवाय सीआरपी यकृतात इंटरल्यूकिन-6 च्या प्रेरणेने तयार होते. टोसिलिझुमॅब हे औषध ती प्रेरणाच रोखते. परिणामी, धमनीतील दाह कायम असतानाही सीआरपी खाली येऊ शकते. म्हणजे मोजपट्टीच औषधाच्या प्रभावाखाली जाते.

यावर उपाय म्हणून पेंट्राक्सिन-3 पुढे आले. ते दाहाच्या जागीच, रक्तवाहिनीच्या पेशींतही तयार होते, हा त्यामागील तर्क सयुक्तिक आहे. परंतु विविध अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तसेच एखादे चिन्हक निरोगी व्यक्तींपासून रुग्णाला वेगळे करते, एवढ्याने त्याची उपयुक्तता सिद्ध होत नाही. तुलनागटात रक्तक्षय व क्षयरोग असलेल्या स्त्रिया नसतील, तर त्या चिन्हकाची खरी परीक्षा झालीच नाही, असे म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर भारतीय संधिवाततज्ज्ञांनी विकसित केलेली आयटास-2010 ही गुणांकन पद्धती लक्षणीय ठरते. तिच्या 44 मुद्द्यांपैकी 33 हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित आहेत. ईएसआर-सीआरपीचे गुण स्वतंत्रपणे जोडता येतात. चिन्हकाला पुराव्याचे स्थान दिले, निर्णयकर्त्याचे नाही, हे तिचे बलस्थान होय. मात्र हानी झाल्यावरच लक्षणे दिसतात, ही तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

शहापूरची स्त्री आसनगावहून लोकलने, तर मुरबाडची कल्याणमार्गे मुंबईतील मोठ्या रुग्णालयात जाते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्या फेरीतून मिळालेला आकडा चुकीने वाढलेला असेल, तर स्टेरॉइड वाढून हाडे ठिसूळ होण्याचा धोका; चुकीने कमी असेल, तर पक्षाघाताचा.

निष्कर्ष

नव्या चिन्हकाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : ते धमनीदाह इतर दाहांपासून वेगळा ओळखते काय? उपचार चालू असतानाही विश्वसनीय राहते काय? रुग्णाची एखादी फेरी तरी वाचवते काय? तोपर्यंत दोन्ही हातांची नाडी तपासणे व दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून नोंदवणे, हे तालुक्याच्या रुग्णालयात सहजसाध्य असलेले काम दुय्यम मानता येणार नाही. रेणूशास्त्राचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्याची कसोटी मात्र प्रयोगशाळेबाहेर आहे.