लाल मोटार आणि शेवटची बस : ‘द ग्रॅज्युएट’चा पुनर्विचार

चित्रपटातील एखादी निर्जीव वस्तू पडद्यावरून उतरून सामान्य माणसांच्या अंगणात जाऊन उभी राहावी, असे क्वचितच घडते. माइक निकोल्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द ग्रॅज्युएट’ या १९६७ च्या अमेरिकन चित्रपटातील लाल इटालियन मोटारीच्या बाबतीत ते घडले. या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील संगीत, डस्टिन हॉफमन आणि अ‍ॅन बँक्रॉफ्ट यांचा अभिनय, सुखवस्तू घरातील तरुणाचा भ्रमनिरास यांची चर्चा नेहमी होते. मोटारीकडे मात्र शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते. माझ्या मते ती शोभेपुरती नाही. प्रेमाविषयी हा चित्रपट जे सांगतो आणि जे सांगावयाचे राहून जाते, ते दोन्ही या मोटारीच्या वाटचालीत सापडते. जे राहून गेले, ते पुढे तिच्या साध्यासुध्या मालकांनी, हात तेलाने काळे करून, पुरे केले आहे.

कथानक थोडक्यात असे. बेंजामिन ब्रॅडॉक हा पदवी घेऊन कॅलिफोर्नियातील आपल्या घरी परततो. आईवडील त्याला अल्फा रोमिओ कंपनीची ‘स्पायडर’ ही दोन आसनांची उघडी मोटार भेट देतात. वडिलांच्या भागीदाराची पत्नी मिसेस रॉबिन्सन त्याला आपल्या जाळ्यात ओढते. पुढे तो तिच्याच मुलीच्या, एलेनच्या, प्रेमात पडतो. सत्य उघडकीस येते आणि एलेनचे लग्न दुसऱ्या तरुणाशी ठरते. बेंजामिन चर्चमध्ये पोहोचतो तेव्हा विवाह झालेला असतो. तरीही तो तिला हाका मारतो, ती धावत येते, आणि दोघे एका बसमध्ये चढून निघून जातात.

आता मोटारीच्या बाजूने ही कथा पाहावी. मिसेस रॉबिन्सन प्रथम बेंजामिनच्या खोलीत येते तेव्हा तिला घरी सोडण्याची विनंती करते. तो तिला मोटारीची किल्लीच देऊ करतो, आणि ती ती किल्ली सरळ मत्स्यपात्रात टाकून देते. पुढे एलेनशी त्याचा पहिला खरा संवाद याच मोटारीत होतो. शेजारच्या गाडीतील तरुणांचा गोंगाट असह्य झाल्यावर तो कापडी टप वर ओढतो, काचा बंद करतो, आणि आपल्याला दोघांचे बोलणे ऐकू न येता केवळ दिसते. चित्रपटातील हा सर्वात कोमल क्षण आहे. त्यानंतर भर पावसात तो एलेनची वाट पाहत असताना दार उघडून आत बसते ती तिची आई. पाप आणि प्रेम यांची अदलाबदल एका छोट्या आसनावर घडते. दोघांनाच जागा असलेल्या गाडीत तिसऱ्याचे सावट कसे शिरते, हे शब्दांवाचून दाखविणारा दिग्दर्शक सामान्य नव्हे.

मात्र हाच दिग्दर्शक मोटारीला चित्र म्हणूनही वापरतो. बेंजामिन बर्कलीकडे निघतो तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बे ब्रिज’च्या वरच्या मजल्यावरून जाताना दिसतो. प्रत्यक्षात वरचा मजला सॅन फ्रान्सिस्कोकडे येणाऱ्या वाहनांचा आहे. बर्कलीला जाणारी वाहने खालच्या मजल्यावरून जातात. खालच्या मजल्यावर ना आकाश दिसले असते, ना लाल मोटार. रूपासाठी रस्त्याचे सत्य बाजूस ठेवले गेले. याला कोणी क्षुल्लक चूक म्हणेल. मला ती या प्रेमकथेची खूण वाटते. येथे दिसण्याला महत्त्व आहे, दिशेला नाही.

या दृष्टीने निर्णायक प्रसंग पेट्रोल पंपावरचा आहे. लग्न कोठे आहे हे काढून घेण्यासाठी बेंजामिन तेथून दूरध्वनी करतो आणि त्यासाठी आपण धर्मोपदेशक असल्याची थाप मारतो. ते ऐकलेला पंपावरील माणूस त्याला अगदी साधेपणाने, ‘फादर’ असे संबोधून, पेट्रोल हवे का असे विचारतो. बेंजामिन उत्तर न देताच मोटारीत उडी घेतो. थोड्याच वेळात इंधन संपून मोटार थांबते. तो तिला तेथेच सोडून धावत सुटतो, आणि त्यानंतर ती मोटार आपल्याला दिसत नाही. प्रेक्षक हसतात. पण या चित्रपटातील सर्वात शहाणा प्रश्न त्या अनामिक माणसाने विचारलेला असतो, आणि सर्वात उत्कट माणूस तो ऐकत नाही.

पुढचा प्रसंग आपल्याला अधिक अस्वस्थ करतो. भिंतीवरचा मोठा क्रूस काढून बेंजामिन तो पाठलाग करणाऱ्यांवर फिरवतो आणि मग दाराला अडसर म्हणून अडकवतो. या दृश्याने अनेक श्रद्धावंत दुखावले. मला त्याहून गंभीर वाटतो तो कथेतील बदल. चार्ल्स वेब यांच्या १९६३ च्या मूळ कादंबरीत बेंजामिन विवाहाची वचने पुरी होण्यापूर्वी पोहोचतो. चित्रपटात ती देऊन झालेली असतात. स्वतः वेब यांनी या बदलास आक्षेप घेतला होता, आणि तो योग्यच होता. दिलेल्या शब्दाला येथे रिकाम्या टाकीच्या मोटारीइतकीच किंमत उरते : पुढे नेत नाही ना, मग सोडून द्या.

आता पडद्याबाहेरच्या मोटारीकडे वळू. ‘स्पायडर’ प्रथम १९६६ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिची घडण पिनिनफरिना यांच्या कार्यशाळेची. संस्थापक बातिस्ता पिनिनफरिना यांनी जातीने लक्ष घातलेली ही अखेरची रचना मानली जाते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले. तिला ‘ड्युएट्टो’, म्हणजे दोघांनी मिळून गावयाचे गीत, असे नाव मिळाले. ते अधिकृतपणे फार काळ टिकले नाही, लोकांच्या तोंडी मात्र राहिले. किरकोळ बदल होत ही मोटार १९९३ पर्यंत बनत राहिली. १९८५ साली कंपनीने अमेरिकेत तिची सर्वात स्वस्त आवृत्ती काढली. साधी पोलादी चाके, रेक्झिनसारखी आसने, हाताने फिरवावयाच्या काचा. आणि नाव ठेवले ‘ग्रॅज्युएट’. ज्या चित्रपटात ही मोटार ऐन वेळी थांबते, त्याच चित्रपटाचे नाव तिच्या पाठीवर आले. जाहिरातीला स्मरणशक्ती बेताचीच असते.

पण या स्वस्त मोटारींना दुसरे, खरे आयुष्य लाभले ते त्या जुन्या झाल्यावर. १९९५ मध्ये अल्फा रोमिओने अमेरिकेतील आपली विक्री थांबविली आणि ती अनेक वर्षे बंद राहिली. स्वप्नातली इटालियन मोटार अल्प किमतीत दाराशी उभी राहू लागली. किंमत अल्प, मागणी मात्र मोठी. थंड इंजिनावर दुसरा गिअर घाईने टाकला तर तो करकरतो. त्याला क्षणभर थांबून, हलक्या हाताने न्यावे लागते. गिअरपेटीमागचा रबरी जोड कालांतराने चिरफळतो. व्हॉल्व्हची फट बिघडली की केवळ मळसूत्र पिळून भागत नाही : प्रत्येक फट मोजावयाची, कॅमशाफ्ट उतरवावयाचे, योग्य जाडीची इवलीशी चकती बसवावयाची, सारे पुन्हा जोडावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे. टपाच्या मागील कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या साफ ठेवाव्या लागतात. त्या तुंबल्या की पाणी आत मुरते आणि दाराखालचा पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरचा लाल रंग तेव्हाही झळकत असतो.

दुरुस्तीचे हे शास्त्र म्हणजे बेंजामिनने न ऐकलेल्या प्रश्नाचे विस्तृत रूप होय. काय हवे आहे, असे त्या वस्तूला रोज विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे. मुंबईकरांना हे नवे नाही. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने आपल्या रस्त्यांवर होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून कायमची थांबली. ती क्रीडेची मोटार नव्हती, पोटापाण्याची होती. तरीही इतकी दशके तिला चालती ठेवली ती मिस्त्र्यांच्या हातांनी. उत्कटतेने मोटार विकत घेता येते. चालती ठेवता येत नाही.

या ठिकाणी दोन इशारे द्यावयास हवेत, अन्यथा ही उपमा आपल्याला फसवील. पहिला असा की दुरुस्ती हा स्वयमेव सद्गुण नव्हे. दर रविवारी मोटारीखाली पडून राहणारा आणि घरच्यांचे शब्द कानाआड करणारा माणूस मोटारीची नव्हे, आपल्या कौशल्याची पूजा करीत असतो. जोडीदार म्हणजे यंत्रही नव्हे. त्याला ‘दुरुस्त’ करण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. उघड्या मोटारीला छताचा आधार नसतो. तिचा पुष्कळसा भार दाराखालच्या पत्र्यावर असतो. तो पत्रा कुजला असता वरून लांबी भरून रंग देणारा कारागीर पापच करतो, कारण आत बसणाऱ्याचा जीव धोक्यात असतो. प्रामाणिक मिस्त्री सांगतो, ही आता रस्त्यावर नेऊ नका. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला “सांभाळून घे, संसार टिकव” असा सल्ला देणारे नातलग, आणि कधीकधी आम्ही धर्मगुरूही, तो लांबीचा हात फिरवीत असतो. टिकविणे म्हणजे झाकणे नव्हे. निष्ठेचे पहिले काम गंज कोठवर गेला आहे हे उघडून पाहण्याचे.

मग निकोल्स यांच्या चित्रपटाचे मूल्यमापन कसे करावे? त्याला केवळ उच्छृंखल म्हणून झिडकारणे मला मान्य नाही, कारण त्याच्या अखेरच्या दृश्यात एक विलक्षण प्रामाणिकपणा आहे. बसच्या शेवटच्या बाकावर नववधूच्या पोशाखातील एलेन आणि शेजारी बेंजामिन बसतात. उतारू मान वळवून पाहतात. दोघे हसतात, मग हसू हळूहळू ओसरते, दोघांची नजर समोर लागते, आणि कोणीच काही बोलत नाही. कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेळ तेथेच थांबतो. पळून जाण्याच्या विजयावर चित्रपट संपविणे सोपे होते. दिग्दर्शकाने त्या विजयानंतरची पोकळी दाखविली. त्या पोकळीत काय भरावयाचे, हे मात्र त्याच्यापाशी नाही. बसची देखभाल दुसरेच कोणी करतो. उतारूला फक्त बसावयाचे असते.

आपल्या धर्मग्रामांतील विवाहपूर्व वर्गांत हा चित्रपट अवश्य दाखवावा, असे मी सुचवीन. मात्र तो पेट्रोल पंपाच्या प्रसंगाशी क्षणभर थांबवून दाखवावा. तरुणतरुणींना विचारावे की, त्या माणसाच्या प्रश्नाला बेंजामिनने काय उत्तर द्यावयास हवे होते. वर्गात प्रथम हशा पिकेल. त्यानंतर कोणीतरी म्हणेल की, थांबला असता तर त्याला आणखी उशीर झाला असता. चर्चा तेथून सुरू करावी.