गाडीतलं गाणं निवडतं कोण?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून एक प्रश्न वरचेवर येतो. नवी गाडी घेतली, तिच्यासोबत सॅटेलाइट रेडिओ काही महिने फुकट मिळाला. आता मुदत संपली, तर पैसे भरायचे की फोनवरच्या स्ट्रीमिंगवर भागवायचं?

तांत्रिक भाग पटकन उरकू. एक्सएम २००१ साली सुरू झालं, सिरियस २००२ मध्ये, आणि २००८ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. वायोमिंगसारख्या उजाड मुलखात फोनची रेंज गेली तरी आकाश मोकळं असलं की हा रेडिओ वाजत राहतो. बोगद्यात शिरलात की मात्र गप्प. पण गाणी आधीच डाउनलोड करून ठेवता येतात म्हटल्यावर ही बढाई निम्मीच उरते. शिवाय थोड्याशा जागेत शंभराच्या वर वाहिन्या कोंबायच्या, म्हणून आवाज दाबावा लागतो. बोलणं चालून जातं, झांजेचा झणत्कार मात्र पाण्यात भिजल्यासारखा येतो.

मग स्ट्रीमिंग जिंकलं? थांबा जरा.

भारतात वर्ल्डस्पेस ही उपग्रह सेवा होती. ती गाडीत नव्हे, खिडकीशी अँटेना ठेवून घरीच ऐकायची. तिच्या 'गंधर्व' वाहिनीवर चोवीस तास हिंदुस्तानी संगीत असे. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २००९ संपताना भारतातलं प्रसारणही संपलं. ध्वनिमुद्रणं कुठे गेली नाहीत, त्यातली कितीतरी आज फोनवर आहेत. गेला तो क्रम. ह्याच्यानंतर हे, असं कुणा जाणत्यानं ठरवलेला.

स्ट्रीमिंगला खयाल म्हणजे काय ते कळतच नाही हो! विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. शफल चालू असेल तर द्रुत आधी, मधे एखादं सिनेमातलं गाणं, विलंबित आलं तर नशीब. ऐन ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी सहाला भैरव सुरू होतो. आणि एकदा एक भावगीत ऐकलंत की महिनाभर त्याचीच भावंडं तुमच्या पुढ्यात येतात. गाडी चालवताना हात स्टीअरिंगवर, म्हणजे बदलायचीही सोय नाही.

सॅटेलाइटवाल्यांचं हे दुखणं कमी आहे, पण त्यांच्याकडे निवेदक असला तरी तो आपल्या गाण्याचा जाणकार नाही. त्यामुळे बेसबॉलची कॉमेंट्री नि जॅझ ह्यांचा शौक असेल तर त्यांना खुशाल पैसे द्या. मराठी किंवा शास्त्रीय ऐकायचं असेल तर आम्ही स्ट्रीमिंगच म्हणू, फक्त शफल बंद ठेवा. निघण्याआधी दहा मिनिटं बसून अख्खी मैफल ओळीनं लावा: विलंबित, द्रुत, मग ठुमरी नाहीतर नाट्यपद, शेवटी भैरवी. आणि शेजारी बसणाऱ्याला मधेच गाणं बदलू देऊ नका.