सोंगाचे सोंग

दिवाळीच्या सुट्टीत ज्याने अंगणात किल्ला केला आहे, त्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. महादरवाजापेक्षा पहारेकरी उंच निघतो, गुहेतला वाघ बुरुजाहून मोठा असतो आणि अळिवाच्या हिरवळीत मावळा कमरेपर्यंत बुडतो. तरीही किल्ला पाहायला येणारे कोणी खिशातून फूटपट्टी काढीत नाही. किल्ल्याची कला ही भावाची कला आहे. तिच्याच घराण्यातली, पण अगदी उलट स्वभावाची आणखी एक कला आहे: खऱ्या यंत्राची ठरावीक प्रमाणात छोटी प्रतिकृती करण्याची. तिच्यात माप हाच धर्म. या कलेच्या एका चमत्कारिक शाखेविषयी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात वेष पालटून रणांगणावर आलेल्या रणगाड्यांच्या प्रतिकृतींविषयी, येथे थोडा विचार करावयाचा आहे. 'या पोरखेळाला टीका कशाला?' असे कोणी म्हणेल. पण खेळात खऱ्याखोट्याचा प्रश्न शिरला की टीकेलाही तेथे पाट मांडून बसावेच लागते.

प्रथम मूळ सोंगे पाहू. १९४२ च्या ऑक्टोबरात, उत्तर आफ्रिकेतील एल अलामीनच्या लढाईपूर्वी, ब्रिटिश आठव्या सैन्याने आपले रणगाडे मालमोटारींच्या वेषात दडविले. सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेला हा पोषाख उभ्या दोन भागांचा असे. तो रणगाड्यावर चढवला की आकाशातून पाहणाऱ्या वैमानिकाला खाली साधी मालमोटार दिसावी, आणि वेळ येताच दोन्ही अर्धे झटकन टाकून देता यावेत. त्याला 'सनशील्ड' असे नाव होते आणि असे ७०० हून अधिक पोषाख करण्यात आले. हल्ल्याच्या जागी आधी खऱ्या मालमोटारी आणून ठेवल्या. मग रात्रीच्या अंधारात त्यांच्या जागी रणगाडे आले, आणि मागे जेथून ते निघाले होते तेथे खोटे रणगाडे उभे राहिले.

दुसरे सोंग १९४४ च्या डिसेंबरातले. बेल्जममधील आर्देन्सच्या लढाईत ओटो स्कोर्झेनी या जर्मन अधिकाऱ्याच्या १५० व्या पँझर ब्रिगेडने पाच पँथर रणगाड्यांना अमेरिकन 'एम १०' या तोफगाड्याचे रूप दिले. अंगावर पातळ पत्रे चढविले, बुरुजावरची निरीक्षकाची घुमटी काढून टाकली, वर हिरवट रंग दिला आणि पांढरे अमेरिकन तारे रंगविले. परंतु चाके कोठे लपविणार? पँथरची चाके मोठी, एकमेकांत गुंतलेली, प्रत्येक बाजूस आठ. एम १० ची लहान, दोन-दोनच्या जोडीने सहा. पँथरच्या तोफेच्या तोंडाशी जाड बोंड, एम १० ची नळी सरळ. दुरून किंवा अंधारात पाहणाराच फसावा, असे हे सोंग होते. २१ डिसेंबरला माल्मेदी गावावर केलेला हल्ला फसला, आणि निकामी होऊन पडलेले ते सोंगाडे अमेरिकनांनी जवळून न्याहाळून त्यांची छायाचित्रे काढली. आजचे कारागीर मुख्यतः त्याच छायाचित्रांवरून काम करतात.

आता प्रतिकृतीकडे वळू. या छंदात ३५ व्या हिश्श्याचे प्रमाण फार रूढ आहे. सुमारे पावणेनऊ मीटर लांबीचा पँथर, तोफेच्या नळीसह, या मापात पाव मीटरचा होतो आणि टेबलावर सुखाने मावतो. मूळ पत्रा समजा ३ मिलिमीटर जाडीचा असेल, तर तो येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही उरत नाही. म्हणजे वहीचा कागदच! नवशिका कारागीर तेथे जाड प्लॅस्टिक चिकटवितो आणि सोंगाचे चिलखत करून टाकतो. हा मापाचा दोष झाला आणि तो सरावाने जातो. त्यापेक्षा कठीण दोष निष्णात माणसाचा असतो. तो पत्र्याचे सांधे इतके बेमालूम बसवितो, लांबी भरून, घासून, रंगवून इतके गुळगुळीत करतो, की पाहणाऱ्याला ना पँथर दिसतो ना एम १०; दिसते ते कोठेच नसलेले तिसरेच यंत्र. घाईत, युद्धाच्या धामधुमीत केलेल्या कामाचा ओबडधोबडपणा हाच येथे तपशील आहे. मूळ कारागिराची घाई आजच्या कारागिराने अत्यंत सावकाशपणे दाखवावयाची, ही या कलेची गंमत आणि कसोटीही.

सनशील्डची अडचण निराळी. पोषाख पूर्ण चढविलेला दाखविला, तर टेबलावर उरते एक सामान्य मालमोटार. आतल्या रणगाड्यावर महिनाभर केलेली मेहनत कोणाला कळणार? म्हणून बहुतेक जण एक अर्धा भाग चढविलेला आणि दुसरा बाजूस उतरविलेला दाखवितात. हे नाटकी वाटते खरे, पण ते मूळ रचनेशी प्रामाणिक आहे. कारण तो पोषाख दोन भागांत उतरण्यासाठीच घडविला होता. शिवाय हे काम आपल्याकडच्या मुलांच्या हाताला नवे नाही. आकाशकंदील तरी काय असतो? कामट्यांचा सांगाडा आणि वर ताणलेला कागद. जो मुलगा कंदिलाचे कोपरे सुरकुती न पडता चिकटवितो, त्याला सनशील्ड जमलाच पाहिजे. त्यासाठी परदेशी खोके मागवावे लागत नाही.

या दोन उदाहरणांतून प्रस्तुत लेखकाला एकच सिद्धांत दिसतो: सोंगाच्या प्रतिकृतीत सांधा दिसला पाहिजे. श्रीशंकुकाने नटाविषयी बोलताना चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला होता. चित्र पाहताना आपण 'हा खरा घोडा' म्हणत नाही, 'खोटा' म्हणत नाही, 'आहे की नाही' अशी शंका घेत नाही, की 'घोड्यासारखा' असेही म्हणत नाही. सरळ 'हा घोडा' म्हणतो. कलेचा हा प्रत्यय फसवणुकीहून वेगळा. रणांगणावरच्या सोंगाला मात्र समोरच्याची निखळ फसवणूकच हवी असते. तो फसला नाही तर आतल्यांचा जीव जातो. प्रतिकृती करणारा हीच फसवणूक उचलून आपल्यासमोर मांडतो. तोही सांधा लपवू लागला, तर तो फसविणाऱ्याचा साथीदार होतो. सांधा दाखवितो, तेव्हा तो कलावंत होतो. आपल्या गावोगावचा बहुरूपी हे न शिकताच जाणतो. पोलिसाच्या वेषात दारात येऊन तो दरडावतो, घरातले क्षणभर दचकतात, आणि मग त्याच्या बोलण्यातून कोठेतरी सोंग उघडे पडते. त्या क्षणीच तो बिदागी मागतो!

येथे एक नैतिक सांधाही आहे, आणि तो बुजविणे मला अधिक गंभीर वाटते. दडणे आणि शत्रूचे चिन्ह अंगावर घेणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. रणगाड्याने मालमोटार होऊन वाळवंटात दडावे, ही युक्ती. त्याने शत्रूचा तारा लावून शत्रूच्या रांगेत शिरावे, येथे युद्धाचे कायदेही अडखळतात. शत्रूचे निशाण व गणवेश यांच्या गैरवापराला १९०७ च्या हेग नियमांनी मनाई केली होती. अमेरिकन गणवेशात पकडलेल्या स्कोर्झेनीच्या कित्येक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. स्वतः स्कोर्झेनी १९४७ मध्ये डाखाऊ येथील खटल्यात निर्दोष सुटला. तेव्हा पाच पँथरांची प्रतिकृती केवळ 'काय अक्कल लढविली!' अशा कौतुकाने मांडणे अपुरे आहे. माल्मेदीच्या रस्त्यावर निकामी पडलेले, पत्रा फाटून आतले खरे रूप दिसू लागलेले यंत्र दाखविणारी प्रतिकृती मला त्या कौतुकापेक्षा खरी वाटते. लाल महालावरच्या १६६३ च्या छाप्याची कथा मुलांना सांगताना आपण वरातीच्या युक्तीवर खूश होतो, आणि व्हावेही. पण त्या खुशीत समोर कोण होते आणि पणाला काय लागले होते, हे विसरत नाही. तोच विवेक येथे हवा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आष्टीच्या छांदिष्टांचे एक भाग्य असे, की खरे रणगाडे त्यांच्यापासून दूर नाहीत. आता अहिल्यानगर झालेल्या अहमदनगरात लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झालेला सुमारे ६६ किलोमीटरचा लोहमार्ग आष्टीला त्या शहराशी जोडतो. तेथे व्हॅलेंटाईन रणगाडा आहे. त्याच जातीचे रणगाडे एल अलामीनला लढले होते. त्याच्या शेजारी मुलांना उभे करावे. चाकांची उंची, रिव्हेटांच्या रांगा, लोखंडाचा थंडपणा हातांनी पाहू द्यावा, आणि मग विचारावे, 'याची मालमोटार कशी कराल?' पोरे डोके खाजवतील, हातवारे करतील, भांडतीलही. घरी आल्यावर पुठ्ठा, कामट्या आणि पतंगाचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा. सोंग कसेही होवो. सांधा मात्र उघडा राहील एवढे पाहावे.