टर्की देशाची, सारण घरचं

‘फ्रेंड्स’ पाहिलेल्या कुणालाही थँक्सगिव्हिंग म्हटलं की टर्कीत डोकं अडकलेला जोई आठवतो. प्रसंग धमाल आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: डोकं आत जायचं तर टर्कीचं पोट रिकामं हवं. हा अमेरिकी सण रंगवणाऱ्या कितीतरी कथा-चित्रांतली टर्की अशी आतून रिकामीच असते. बाहेरून सोनेरी, चकचकीत, फोटोजोगी. तिच्या पोटात काय भरलंय, ते कुणी भरलं आणि त्यावरून घरात कोण कुणाशी वाद घालतंय, हे विचारायला फार थोडे लेखक थांबतात. माझ्या मते घराची खरी गोष्ट तिथेच असते.

स्टफिंगला मी मुद्दाम सारण म्हणतेय. उकडीच्या मोदकाची पारी सगळीकडे साधारण सारखी. घर ओळखू येतं ते सारणावरून. गूळ किती, खसखस आहे का, वेलची की जायफळ. टर्कीचंही तसंच. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ओव्हनमध्ये जाणारा पक्षी देशभर एकच. सारणाचा ढोबळ पायाही ठरलेला: शिळा पाव, कांदा, सेलरी, लोणी, सेजचा पाला, मांसाचा किंवा भाज्यांचा स्टॉक. पण दक्षिणेत पावाच्या जागी मक्याचा कॉर्नब्रेड येतो आणि त्याला ‘ड्रेसिंग’ म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या घरांत बटाट्याचं ‘फिलिंग’ असतं. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याकडे त्यात कालवं पडतात, मिनेसोटात वाइल्ड राइस, चिनी-अमेरिकी घरांत चिकट भात. आणि प्रत्येक घराला खात्री असते की खरं सारण आपलंच.

या खात्रीचा छापील इतिहास मात्र मजेशीर आहे. अमेलिया सिमन्सचं ‘अमेरिकन कुकरी’ 1796 साली हार्टफर्डमध्ये छापलं गेलं. अमेरिकी व्यक्तीने लिहून अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानतात. मुखपृष्ठावर लेखिका स्वतःची ओळख ‘अमेरिकन अनाथ’ अशी करून देते. ज्या पदार्थाची आज ‘आजीकडून आलेला’ अशी मिरवणूक निघते, त्याची इतकी जुनी नोंद आजी-आजोबांची सावली नसलेल्या बाईने करून ठेवली आहे.

तिची कृती वाचायला घ्या. मऊ पाव, गाईची चरबी, तीन अंडी, थाइम, मार्जोरम, मीठ, मिरी. लगेच पुढे: काही जण यात वाइनही घालतात. मग दुसरा क्रमांक: इतर लोक हा सुगंधी पाला वगळून पार्स्ली आणि बटाटा घेतात. मग तिसरा: पावच नाही, थेट कुस्करलेला बटाटा. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या या पानावरही एकमेव ‘मूळ कृती’ नाहीच. आहेत ते पर्याय, आणि ‘काही जण’, ‘इतर लोक’ यांच्या रूपाने डोकावणारी अनोळखी स्वयंपाकघरं. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला यात एक ओळखीची रचना दिसते: इंटरफेस ठरलेला, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याचं. पक्ष्याचा रस पिऊन घेणारं काहीतरी साधं, पिठूळ आत हवं. एवढंच पक्कं.

ही टर्की कशाबरोबर वाढायची, त्या यादीत सिमन्स चक्क ‘मँगो’ही देते. तो आंबा नव्हे. भारतातलं कैरीचं लोणचं इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर तिथे त्याच्या नकला सुरू झाल्या आणि मसाला भरून मुरवलेल्या कुठल्याही फळाला, भाजीला ‘मँगो’ म्हणायची पद्धत पडली. सिमन्सच्या पुस्तकात खरबुजाचा ‘मँगो’ करायची कृती आहे. ‘अस्सल अमेरिकी’ ताटात आपल्या लोणच्याची नक्कल आधीपासून होती.

नंतरच्या कलाकृतींनी मात्र हे सगळं झाकून टाकलं. सारा जोसेफा हेल यांच्या ‘नॉर्थवुड’ (1827) या कादंबरीत थँक्सगिव्हिंगचं जेवण सविस्तर येतं. टेबलाच्या अग्रस्थानी टर्की आहे, सारणाचा वास दरवळतो आहे. पण वासच. त्या वासामागचे हात त्या चित्रात दिसत नाहीत. हेल यांनी पुढे कित्येक वर्षं या सणाला राष्ट्रीय दर्जा मिळावा म्हणून लेखणी चालवली आणि 1863 मध्ये लिंकन यांनी तशी घोषणा केली. घरचं जेवण देशाचं झालं ते असं. 1943 साली नॉर्मन रॉकवेल यांचं ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’ हे चित्र ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये आलं, तेव्हा तर सारण दिसेनासंच झालं. आजी भलीमोठी टर्की टेबलावर ठेवतेय, सगळे हसतायत. या आजीसाठी मॉडेल म्हणून उभी राहिलेली बाई रॉकवेल यांच्या घरची स्वयंपाकीण होती. जिच्या हातांनी रोजचं अन्न शिजायचं, ती चित्रात कुटुंबाची आजी झाली. चित्र सुंदर आहे, पण त्यातली परंपरा स्थिर आणि निर्वाद आहे, म्हणून ती मला खोटी वाटते.

कारण खरी परंपरा हलत असते, कधीकधी नाइलाजाने. चेस्टनटचं सारण घ्या. ही जुनी, प्रतिष्ठेची पद्धत. पण 1904 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या चारेक दशकांत या जातीची अब्जावधी झाडं मेली. त्यानंतरही ‘पणजीच्या पद्धतीचं’ चेस्टनट सारण होत राहिलं, बहुतेक परदेशातून आलेल्या दुसऱ्या जातीच्या चेस्टनटचं. नाव तेच राहिलं, झाड बदललं.

हे हलणं झुंपा लाहिरींना नेमकं कळतं. ‘द नेमसेक’मधलं गांगुली जोडपं अमेरिकेत टर्की भाजायला शिकतं, पण तिला लसूण, जिरं आणि लाल तिखट चोळून. लाहिरी यावर जेमतेम अर्धं वाक्य खर्च करतात. मसाला कातडीवर लागतो. पोटात काय गेलं ते त्या वाक्यात येत नाही. मला ते हवं होतं. पण मग कादंबरीचं पहिलं पान आठवतं. दिवस भरत आलेली आशिमा राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि चिरलेला कांदा एकत्र करून कलकत्त्याच्या फुटपाथवरच्या खाण्याची चव जमवू पाहते, आणि ती पूर्ण जमत नाही. हाताशी आहे त्यातून आठवणीतलं काहीतरी उभं करणं: सारणाचा धर्म हाच. लाहिरींनी तो टर्कीत न दाखवता एका वाडग्यात दाखवला.

शेवटचा मजकूर साहित्यात मोडत नाही, पण वाचण्यासारखा आहे. जनरल फूड्समध्ये काम करणाऱ्या गृहविज्ञानतज्ज्ञ रूथ सीम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1975 मध्ये मिळालेलं पेटंट. 1972 साली बाजारात आलेल्या ‘स्टोव्ह टॉप’ या पाकिटबंद स्टफिंगमागचा शोध त्यात आहे. शोध काय, तर पावाच्या वाळक्या तुकड्यांचा आकार. तुकडा असा हवा की गरम पाण्यात तो भिजेल, पण लगदा होणार नाही. एरवी आजीच्या बोटांना कळणारी गोष्ट इथे मोजमापात लिहिलेली आहे. जाणकार या पाकिटाला हसतात. मला हसू येत नाही. पक्षी भाजायला वेळ, पैसा किंवा माणसं नसलेल्या घरातही त्याने ती चव पोहोचवली, आणि त्या घरांतल्या मुलांसाठी तीच आईच्या हातची झाली. नव्याने आलेल्या घरांसाठी ही शिकायची पहिली पायरीही असू शकते.

कुणी म्हणेल, सगळंच बदलत असेल तर परंपरा उरली कुठे? मला ती वादात उरलेली दिसते. पोटात भरायचं की वेगळ्या ट्रेमध्ये भाजायचं, हा वाद अजून चालूच आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमानुसार सारणाचा मध्य 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअसला पोहोचायला हवा, आणि तोवर छातीचं मांस कोरडं पडू शकतं. शास्त्र ट्रेच्या बाजूने झुकतं. तरी अनेक घरं पोटातच भरतात, कारण तो रस ट्रेमध्ये मिळत नाही. सासरचं सारण आणि माहेरचं सारण एकाच टेबलावर आलं की तडजोड करावी लागते, आणि पुढच्या पिढीला ती तडजोडच ‘आमची पद्धत’ म्हणून मिळते.

म्हणून रॉकवेलसारख्या चित्रांशी माझं भांडण आहे. पदार्थ कायमचा ठरलेला आहे असं म्हटलं की नवी सून, नवा जावई, परदेशातून आलेलं शेजारचं कुटुंब हे सगळे कायमचे पाहुणे ठरतात. त्यांनी यायचं, वाखाणायचं, जायचं. सारणाकडे पाहिलं की कळतं, इथे प्रत्येक नव्या माणसाने काहीतरी आत टाकलेलं आहे. ‘आमच्याकडे असंच असतं’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याला खोडून काढायची गरज नाही. ‘कधीपासून? कुणी आणलं?’ एवढं विचारावं. उत्तरात बहुतेकदा बाहेरून त्या घरात आलेल्या एखाद्या बाईचं नाव येतं.