एम.ए. इतिहासाचा वैकल्पिक विषय : निवड कोणाची?

पदवीचे निकाल लागले की औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत एम.ए.च्या मार्गदर्शिकांची चौकशी सुरू होते. प्राचीन, मध्ययुगीन की आधुनिक, यांपैकी कोणता वैकल्पिक विषय घ्यावा, असे इतिहासाचा विद्यार्थी विचारतो. आणि ज्याच्या नोट्स तयार मिळतात तो घ्यावा, असा सल्ला त्यास बहुधा मिळतो. या सल्ल्याची चिकित्सा होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५८ साली स्थापन झालेल्या व १९९४ साली नामविस्तार झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती हा विभाग आहे आणि पाली व बुद्धिझम हा स्वतंत्र विभागही आहे. पाठीमागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. विद्या, भाषा आणि साधन इतक्या निकट असणे हे भाग्य होय. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्यास पालीचा व पालीच्या विद्यार्थ्यास कोरीव लेखांचा परिचय घडत नसेल, तर या निकटतेचा उपयोग काय?

एक उदाहरण पाहू. राजाश्रयामुळे बौद्ध धम्म वाढला आणि राजाश्रय संपताच लोपला, हे विधान परीक्षार्थी मुखोद्गत करतात. आता कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख वाचावेत. त्यांत पैठणच्या मितदेव या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, तसेच मगिल या राजवैद्याचे दान नोंदलेले आहे. तेथील यक्षमूर्तीवर कण्हदास या सुवर्णकाराचे नाव आहे. उलट अजिंठ्याचे सोळावे लेणे पाचव्या शतकात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने करविले. हे लेख शेजारी ठेवले म्हणजे राजाश्रयाचे सोपे उत्तर अपुरे पडते. व्यापारी व कारागीर संघाच्या पाठीशी का उभे राहिले, आणि पुढे त्यांचे काय झाले, हा खरा प्रश्न समोर येतो. तो मार्गदर्शिकेत सापडत नाही. लेख वाचणाऱ्यासच सुचतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली, तेव्हा अर्थशास्त्र या मुख्य विषयाच्या जोडीस इतिहासही अभ्यासला होता. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत व पाली स्वप्रयत्नाने आत्मसात केली. त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व शब्दकोश १९९८ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. मूळ साधनापर्यंत पोहोचण्याची ही तळमळ आम्ही त्यांच्यापासून कितपत घेतली?

आमचे अनेक तरुण आधुनिक कालखंड निवडून आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करतात. ते योग्यच आहे. परंतु सर्वांनीच तेथे थांबावे, आणि ज्या लेण्यांत आपण पौर्णिमेस वंदना घेतो तेथील अक्षरे मात्र इतरांनीच वाचून सांगावीत, हे आम्हांस मान्य नाही. कालामांना भगवंतांनी परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे सांगितले होते. इतिहासाच्या अभ्यासकास याहून चांगली संशोधनपद्धती कोणती?

पोटाचा प्रश्न आम्ही कमी लेखत नाही. गरीब घरातील विद्यार्थ्यास गुण व नोकरी यांचा विचार करावाच लागतो. पण नेट परीक्षेच्या इतिहास विषयात कोरीव लेखांचा घटक आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून राज्यात आलेल्या पदव्युत्तर रचनेत संशोधनपद्धती व क्षेत्रीय प्रकल्प यांनाही स्थान आहे. तो प्रकल्प आपल्याच डोंगरातील लेण्यांवर करता येईल. २०२४ च्या ऑक्टोबरात पालीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो केवळ अभिनंदनाच्या ठरावापुरता राहू नये.

म्हणून आमचे मागणे विद्यापीठाइतकेच विहारांकडेही आहे. रविवारी वंदनेनंतर एक तास ब्राह्मीची मुळाक्षरे व पालीचे प्राथमिक व्याकरण शिकविण्यास फळा आणि जाणता शिक्षक पुरे. विकल्प अभ्यासक्रमात छापलेला असतो; तो निवडण्याचे सामर्थ्य मात्र समाजानेच विद्यार्थ्यास दिले पाहिजे.